खांबांमागचं गवत

सगळ्या गावात हिरवं असं एकच ठिकाण उरलं होतं, आणि तिथे पंधरा धडधाकट माणसं रोज संध्याकाळी एकमेकांच्या अंगावर पडत होती.

पावसाने पाठ फिरवल्याला आठवा महिना चालू होता. ओढ्यात नुसते दगड होते. बांधावरची झुडपं शेळ्यांनी मुळापर्यंत खरवडली होती. वैरण विकत घ्यावी म्हटलं तर विकायलाही कुणाकडे नव्हती. पण लाकडाच्या वखारीमागचं मैदान मात्र हिरवंगार होतं, कारण खेळाच्या वरच्या संघटनेने यंदा पहिल्यांदाच गावाला मोठा सामना दिला होता आणि त्यासाठी एक दिवसाआड पाण्याचा टँकर येत होता. माणसं घागरी घेऊन रांगेत उभी राहायची आणि टँकर त्यांच्यासमोरून धूळ उडवत मैदानाकडे जायचा. खेळाचं नाव रग्बी. हे नाव गावात ज्यांना धड उच्चारता यायचं तेच खेळायचे. बाकी सगळे त्याला ढकलाढकली म्हणत. चेंडूसुद्धा धड गोल नाही, भोपळ्यासारखा लांबट. देशात कुणी त्या खेळाकडे मान वळवून बघत नव्हतं, आणि गावात बघत होते ते फक्त हसायला.

वहिनीला हसू येत नव्हतं. तिला तेवढा वेळच नव्हता.

तिला अख्खं गाव वहिनी म्हणायचं, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. कारण धाकटा, म्हणजे तिचा दीर, या संघाचा कप्तान होता, आणि तो जे म्हणेल तेच संघ म्हणे. बारा वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली तेव्हा मैदान म्हणजे दगडांचं माळरान होतं. तिच्या सासऱ्यांनी आणि संघ उभा करणाऱ्या मास्तरांनी तेव्हा एक ठरवलं. मैदानातले दगड या घराने वेचायचे, गवत या घराने कापायचं, आणि कापलेलं गवत याच घराने न्यायचं. मजुरी नाही, मोबदला नाही. गवत हीच मजुरी. सासरे गेले. थोरल्याकडे, म्हणजे तिच्या नवऱ्याकडे, मैदानाच्या रेघा मारायचं काम आलं. चुन्याच्या फक्कीची बादली आणि दोरी घेऊन तो सरळ रेघा मारायचा, आणि त्याच्या अंगात सरळ असं तेवढंच होतं, असं वहिनी म्हणायची. दगड आणि गवत तिच्या वाट्याला आलं. तिने एकेक दगड बसून उपटला होता, आणि तिच्या गुडघ्यांना तो हिशेब अजून पाठ होता.

गोठ्यात दोन म्हशी. एक दुभती, एक गाभण. गाभण व्यायला महिनाभर राहिला होता आणि तिच्या बरगड्या दुरून मोजता येत होत्या. गुरांचा डॉक्टर येऊन तिच्या पोटावर हात फिरवून गेला होता.

"हिरवं काही घाला हिला," तो म्हणाला. "आठ दिवसांत पोटात हिरवं गेलं नाही, तर गाभ टाकेल. आणि मग हीसुद्धा राहील असं धरू नका."

"कुठून घालू?"

"ते मी कसं सांगू? मी औषध देतो, गवत देत नाही," डॉक्टर म्हणाला आणि पिशवी उचलून चालता झाला.

हे मंगळवारी. सामना रविवारी. बुधवारी उन्हं कलली तशी वहिनी विळा आणि चुंबळीचं फडकं घेऊन मैदानावर गेली. संघ धावत होता. धाकट्याने तिला लांबूनच पाहिलं आणि हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"वहिनी, विळा घरी ठेव. रविवारपर्यंत एक काडी कापायची नाही."

"का बरं?"

"जमीन कडक असली तर पंच खेळू देत नाहीत. सामना पाहुण्या संघाला देऊन टाकतात. गवत असलं की पडताना लागत नाही."

"तुम्हाला लागत नाही ते ठीक आहे, भाऊजी. पण म्हैस हातची चाललीय त्याचं काय? अर्धं कापते. कडेकडेचं. चार बोटं राखून कापते."

"एकदा सांगितलं ना?"

"गवत आमचं ठरलेलं आहे. मामंजींनी—"

"तुझ्या मामंजींनी दगड वेचायला सांगितलं होतं, कायदा शिकवायला नाही," धाकटा म्हणाला. पंधरा जण ऐकत होते, वखारीच्या भिंतीवर बसलेले रिकामटेकडे ऐकत होते, आणि त्याच्या ते लक्षात होतं. "या पांढऱ्या रेघांच्या आत हात लावायचा नाही. बाहेरचं काय ते ने. सगळं ने. जा, ने बाहेरचं!"

भिंतीवरचे हसले. रेघांच्या दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांखेरीज काही नव्हतं, आणि तीसुद्धा वाळलेली. संघात पिंप नावाचा एक गडी होता, अंगाने तसाच. तो हसला आणि लगेच गप्प झाला, कारण सकाळचा चहा तो वहिनीच्या घरी प्यायचा. मास्तरांनी बुटांची नाडी बांधायला घेतली. वहिनीने मोजून बघितलं: बांधून झालेली नाडी त्यांनी तीनदा बांधली. तिने विळा फडक्यात गुंडाळला आणि ती घरी आली.

घरात धाकट्याला रोज संध्याकाळी शेरभर दूध लागायचं. खेळाडूचं अंग. भल्यामोठ्या पितळी पेल्यात त्याच्यासमोर दूध ठेवायचं आणि तो ते एका दमात प्यायचा, अशी पद्धत होती. त्या दिवशी तो पाटावर बसला आणि पेला आला. पेल्यात पाणी होतं.

"हे काय?"

"म्हैस जे प्यायली ते तुम्हाला दिलंय," वहिनी म्हणाली. "तिला वैरण नाही, तुम्हाला दूध नाही."

"दादा, बघितलंस?"

थोरला भाताच्या ढिगात बोट फिरवत होता. "अगं, देऊन टाक ना त्याला दूध," तो म्हणाला, आणि मग लगेच दुसरीकडे वळून, "आणि तू पण जरा...". पुढचं वाक्य त्याने गिळलं. कुणाला जरा आणि काय जरा, ते त्याने आयुष्यात कधी पुरं सांगितलं नव्हतं. दोन डोंगरांच्या मधल्या ओढ्यासारखा तो घरात वाहायचा, जिकडे उतार तिकडे.

धाकट्याने पाण्याचा पेला अंगणात भिरकावला. वहिनीने तो उचलून आणला, राख लावून घासला आणि फळीवर पालथा घातला. गुरुवारीही दूध मिळालं नाही. धाकट्याने तिच्याशी बोलणं टाकलं. निरोप असला तर भिंतीकडे बघून सांगायचा. "उद्या मोजे लागतील," तो भिंतीला म्हणायचा. "मोजे दोरीवर आहेत," वहिनी चुलीला सांगायची.

गाभण म्हैस गुरुवारी संध्याकाळी बसली ती उठेना. शेपटी पिरगाळून, छातीखाली फळी घालून वहिनीने आणि थोरल्याने तिला उभी केली. तिचे पाय थरथरत होते. वहिनीने तिच्या पोटाला कान लावला. आत काहीतरी हललं आणि थांबलं. तेवढ्यावरच तिला रडू आलं, पण नवऱ्यासमोर रडायचं नाही असं तिने बऱ्याच वर्षांपूर्वी ठरवलेलं होतं, म्हणून ती म्हशीच्या पोटाला तोंड लावून तशीच उभी राहिली.

शुक्रवारी उजाडताना ती पुन्हा मैदानावर गेली. थोरला आधीच तिथे होता. दोरी ताणून, वाकून, मापट्याने फक्की टाकत तो सामन्यासाठी पुसटलेल्या रेघांमधली शेवटची रेघ पुन्हा मारत होता. मैदानाच्या दोन्ही टोकांना उंच उंच दोन खांब आणि मध्ये आडवी दांडी, अशी खांबांची जोडी. पांढरी रेघ बरोबर खांबांच्या पायथ्यातून जात होती. खांबांच्या मागे आणखी दहा पावलं रुंदीची हिरवी पट्टी होती, मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिच्या मागे रेघ नव्हती, काही नव्हतं. टँकरवाला आळशी माणूस, पाइप सोडून झोपायचा. त्यामुळे टोकांना पाणी जास्त मुरलं होतं आणि तिथलं गवत सगळ्यांत उंच होतं.

वहिनी बघत राहिली. खांब रेघेवर. रेघेच्या आत मैदान. रेघेच्या मागे हे. पोरी लंगडी खेळतात तेव्हा रेघ ओलांडली की बाद. चेंडू रेघेबाहेर गेला की खेळ थांबतो, एवढं तिलाही कळत होतं. बारा वर्षांत तिने एकही सामना धड पाहिला नव्हता. सामन्याच्या दिवशी ती तीस माणसांचं पाणी भरायची, चहा करायची, आणि ऐन खेळाच्या वेळी धारेची वेळ असायची. आणि गवत नेहमी एकदम सगळं कापायचं, त्यामुळे आतलं कोणतं आणि बाहेरचं कोणतं हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

"अहो," तिने हाक मारली. "हे खांबांमागचं मी कापते. रेघेच्या बाहेर आहे."

थोरला वाकलेलाच राहिला. त्याच्या हातातलं मापटं थांबलं. थोडी फक्की एकाच जागी सांडून रेघेवर गाठ आली.

"अहो?"

"काप," तो म्हणाला.

तिने कंबर खोचली. विळ्याला धार होती, दव थोडं होतं, आणि हात जसा चालला तसा तिला स्वतःलाच हुरूप आला. मुठीत गवत धरायचं, मनगट वळवायचं, मागे टाकायचं. चार बोटं राखायची गरज नव्हती; तिने जमिनीला घासून कापलं. मधोमध खांबांपाशी ती इतकी जपून कापत होती की रेघेच्या आतलं एक पातंही वाकलं नाही. धाकट्याला बोलायला जागा ठेवायची नव्हती. एक टोक संपलं, मग दुसरं. ऊन डोक्यावर यायच्या आत सहा भारे झाले. पाठीचे मणके एकेक करून सांगत होते की आम्ही इथे आहोत. थोरल्याने खेपेखेपेला एकेक भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला, एकेक स्वतः घेतला, आणि वाटभर एक शब्द बोलला नाही. त्याचं न बोलणं नवीन नव्हतं.

शुक्रवारी संघाला विश्रांती होती, त्यामुळे मैदानाकडे कुणी फिरकलं नाही. शुक्रवारभर आणि शनिवारी दुपारपर्यंत गाभण म्हैस खात होती. तिचा तो कचाकचा आवाज ऐकत वहिनी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिली, हातातलं काम सोडून. म्हैस स्वतःहून उठली, स्वतःहून पाण्याला आली. पोटातलं पुन्हा हललं, यावेळी चांगलं दणकून. शनिवारी संध्याकाळी वहिनीने पितळी पेला फळीवरून काढला आणि दुधाने भरून पाटासमोर ठेवला. झालं गेलं, म्हणावं. तिचं मन तसं मोठं होतं. फक्त ते कुणी मागितलेलं तिला आवडत नसे.

दूध पिणारा आला तो एकटा आला नाही. अंगणात पंधरा जण होते, आणि मास्तर. धाकट्याचा चेहरा काळानिळा पडला होता.

"कुणी कापलं?" त्याने विचारलं. यावेळी तो भिंतीला विचारत नव्हता.

"मी. रेघेच्या बाहेरचं. तुम्हीच सांगितलं."

"खांबांच्या मागचं बाहेरचं?" त्याचा आवाज फाटला. "अगं बये, खांबांच्या मागेच तर पडायचं असतं! चेंडू घेऊन ती रेघ ओलांडायची आणि पलीकडच्या मातीवर अंग झोकून द्यायचं. चेंडू तिथे टेकला की गुण. सगळा खेळ त्या दहा पावलांसाठी चालतो. आणि तू नेमकं तेच भादरलंस! दोन्हीकडचं!"

वहिनी मास्तरांकडे वळली. मास्तरांनी मान हलवली. खरं होतं.

"बारा वर्षं झाली," ती हळूच म्हणाली. "बारा वर्षं मी तिथले दगड वेचतेय. माणसं तिथे पडतात, हे आज सांगताय होय?"

"मुद्दाम केलंस तू! दुधाचा राग काढलास!"

"तोंड सांभाळा, भाऊजी."

"वहिनी," मास्तर मध्ये पडले, "झालं ते झालं. आता एकच उपाय आहे. कापलेलं गवत तिथे परत पसरायचं. थोडं तरी मऊ होईल. सामना झाला की आणून देऊ."

"तुडवलेलं? तीस जणांनी तुडवलेलं, घामाचं आणि रक्ताचं? ते कुठलं जनावर तोंडात घेईल?"

ती गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. पंधरा जण पुढे आले आणि थांबले. माणसांच्या भिंतीला डोकं लावून भिडणारी ती मंडळी. पण एका बाईच्या हाताखालून जायला कुणी तयार होईना. शेवटी धाकट्याने तिचं मनगट धरून हात चौकटीवरून काढला. जोर केला नाही, पण काढला. मग सगळे आत गेले. पिंपाने मान खाली घालून दोन भारे एकदम उचलले. साडेचार भारे शिल्लक होते, ते सगळे गेले. धाकट्याने गव्हाणीतलंही सोडलं नाही. म्हशीच्या तोंडापुढचं ओंजळ-ओंजळ गोळा केलं, आणि तिच्या दातांत अडकलेला घोस ओढून काढला. म्हैस गोंधळून त्याच्या हाताच्या मागे मान लांबवत राहिली.

पाटासमोर दुधावर साय धरली होती. जाताना धाकट्याचा पाय पेल्याला लागला की त्याने लावला, कोण जाणे. दूध जमिनीत मुरून गेलं.

थोरला हे सगळं चाललं असताना अंगणाच्या कोपऱ्यात फक्कीची बादली धूत होता. एक बादली धुवायला किती वेळ लागतो? सगळे गेल्यावर वहिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. दिवेलागण व्हायची होती.

"तुम्ही बारा वर्षं रेघा मारताय."

"हं."

"खांबांच्या मागे पडतात, हे तुम्हाला माहीत होतं."

थोरल्याने बादली पालथी घातली. पाणी पांढरं वाहून गेलं.

"माहीत होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू कापलं नसतंस. म्हैस मेली असती."

"बरं. आणि आत्ता? तो मला मुद्दाम केलं म्हणाला, सगळ्यांसमोर माझा हात धरला. तेव्हा का नाही बोललात?"

थोरल्याने, चमत्कारिक गोष्ट, अगदी खरं उत्तर दिलं. "तुझ्यावर तो ओरडून ओरडून किती ओरडेल? माझ्यावर हात टाकला असता."

वहिनीला वाटलं, आता आपल्याला राग येईल. पण राग आला नाही. रागाला जी जागा लागते ती जागाच आत रिकामी झाल्यासारखी वाटली. धाकटा निदान तोंडावर वैर करत होता. हा माणूस तिच्या डोक्यावर भारा चढवून देताना सगळं जाणून होता. ती आत गेली आणि तिने चूल पेटवली, कारण दोघांनाही भूक लागणार होती.

रविवारी दुपारी सामना सुरू झाला. पंच म्हणजे शिट्टी गळ्यात घातलेला सुकलेला माणूस. त्याने टाच आपटून जमीन पाहिली, पसरलेलं गवत बुटाने उडवून पाहिलं, नाक मुरडलं आणि चालेल म्हणाला. हे सगळं वहिनीला पिंपाच्या आईने येऊन सांगितलं. अख्खं गाव भिंतीवर चढलं होतं. घरी वहिनी आणि दोन म्हशी होत्या.

गाभण म्हैस सकाळपासून रिकामी गव्हाण चाटत होती. लाकूड चाटून चाटून ओलं झालं होतं. मग तिने हंबरडा फोडला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा आवाजच निघाला नाही. वहिनीने हातातलं पीठ झटकलं. तिने डोक्यावरचा पदर घट्ट खोचला, दावं सोडलं आणि म्हशीला म्हणाली, "चल बाई. तुझं तुला खाऊ देते."

गल्लीत कुणी नव्हतं. वखारीच्या कोपऱ्यावरून त्या दोघी वळल्या. गर्दी ओरडत होती, लांबच्या टोकाला माणसांचा ढीग झाला होता, आणि या टोकाला कुणाचं लक्षही नव्हतं. वहिनी खांबांच्या मागे गेली. म्हशीने मान खाली घातली.

ढीग सुटला, चेंडू निघाला, आणि तीस माणसं धावत या टोकाला यायला लागली. सगळ्यांत पुढे पाहुण्यांचा एक उंच गडी होता. त्याला आधी खांब दिसले, मग म्हैस दिसली. तो इतका गपकन थांबला की मागचे चौघे त्याच्या अंगावर आले.

शिट्टी वाजली.

"कुणाची आहे ही?" पंचाने विचारलं.

भिंतीवरून हसण्याचा लोंढा आला. पाहुणे पोट धरून हसत होते. धाकटा धापा टाकत आला. तोंडातलं रबराचं कवच त्याने हातात काढलं.

"वहिनी, ने तिला."

"खातेय ती."

"वहिनी!"

"काल तिच्या तोंडातलं काढून आणलंत. ती घ्यायला आलीय."

पिंप आणि आणखी सात जण पुढे सरसावले. ढकलणं हा त्यांचा धर्म होता. पिंपाने खांदा वाकवून म्हशीच्या कुशीला लावला तेवढ्यात मास्तर किंचाळले, "गाभण आहे! पोटाला हात लावू नका!" आठही जण हात मागे बांधून उभे राहिले. धाकट्याने दावं ओढलं. म्हशीने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

पंचाने घड्याळ दाखवलं. "दहा मिनिटं. मैदान मोकळं झालं नाही, तर सामना पाहुण्यांचा."

धाकट्याच्या चेहऱ्यावरचा घाम हनुवटीवरून टपटपत होता. त्याने दोन्ही हात जोडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "वहिनी, पाया पडतो."

"तुम्ही नको," ती म्हणाली. "तुमच्या दादांना बोलवा."

थोरला कडेच्या रेघेवर निशाण घेऊन उभा होता. दोनदा बोलावल्यावर तो आला.

"सांगा," वहिनी म्हणाली.

"काय सांगू?"

"काल मला अंगणात सांगितलंत ते. इथे सांगा."

"अगं, घरी गेल्यावर..."

"घरी गेल्यावर नाही. माझा हात जेवढ्या लोकांसमोर धरला, त्याहून जास्त इथे आहेत. सांगा. मला घाई नाही, हिलाही नाही."

म्हैस खात होती. पंच घड्याळाकडे बघत होता. भिंतीवरचं हसणं हळूहळू बसलं. काहीतरी शिजतंय याचा वास गावाला लगेच येतो. थोरल्याने निशाण या हातातून त्या हातात घेतलं.

"मला माहीत होतं," तो पुटपुटला.

"भिंतीपर्यंत जाऊ दे आवाज."

"मला माहीत होतं!" थोरला ओरडला, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला. "तिला माहीत नव्हतं. मी बघत होतो. मी काप म्हणालो. भारे मी उचलून दिले."

धाकट्याने मान वळवली. त्याने भावाकडे असं पाहिलं की थोरल्याने निशाण छातीशी धरलं. धाकट्याची मूठ वळली. मास्तरांनी त्याच्या दंडाला धरलं. पण मूठ सुटली ती मास्तरांमुळे नाही. तो वहिनीकडे वळला, आणि मग संघाला ओरडून म्हणाला, "बघताय काय? उचला गवत!"

आणि मग पंधरा माणसं वाकली. काड्या वेचत, मुठी भरत, गुडघ्यांवर सरकत त्यांनी दोन्ही टोकं साफ केली. मास्तरांनी भारे बांधायला घेतले आणि त्यांना गाठ येईना. थोरलाही वाकला. वहिनीने एका काडीला हात लावला नाही. पाहुणे आता हसत नव्हते. त्यांच्यातला तो उंच गडी, कुणी न सांगता, खाली बसून काड्या वेचू लागला. पाहुण्यांची हरकत नाही म्हटल्यावर पंचाने उघड्या मातीकडे काणाडोळा केला.

थोरला दावं धरायला आला. तिने दावं दिलं नाही. ती म्हशीला घेऊन निघाली आणि मागून पिंप आणि दुसरा एक गडी डोक्यावर भारे घेऊन. गोठ्यात भारे टाकून दोघे धावत परत गेले. सामना पुन्हा सुरू झाल्याची शिट्टी तिने घरून ऐकली, आणि नंतर एक मोठा आरडाओरडाही. तो कुणाच्या बाजूने होता हे बघायला ती गेली नाही.

संध्याकाळी दोघे भाऊ घरी आले, वेगवेगळ्या वाटांनी. संघ हरला होता, थोडक्यात. धाकट्याने एकदा रेघ ओलांडली होती आणि भादरलेल्या मातीवर अंग झोकलं होतं. कोपरापासून खांद्यापर्यंत कातडी सोलवटून निघाली होती, आणि हात गळ्यात बांधला होता. थोरल्याच्या नखांत फक्की होती आणि ओठ सुजला होता. तो कसा सुजला, हे कुणी विचारलं नाही. दोघांचं एकमेकांशी बोलणं तुटलं होतं.

दोघे स्वयंपाकघराच्या दारात आले आणि तिथेच थांबले. चुलीसमोर, धाकट्याच्या पाटावर, वहिनी ताट घेऊन जेवायला बसली होती. दोघांची जेवणं होऊन भांडी घासायला निघण्याआधी तिला जेवताना या घरात कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. शेजारी पितळी पेला दुधाने भरलेला होता, आणि त्यातलं अर्धं ती प्यायली होती.

तिने दोघांकडे पाहिलं. ती उठली नाही.

"बाहेर बसा," ती म्हणाली. "माझं होऊ द्या."